केंब्रिजातली टोपलीवाली

इंग्लंडहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, राणीचा राजवाडा पाहिलात का? पाहिला, बाहेरून. फाटक बंद होतं आणि पाऊस पडत होता. मोठं घड्याळ? तेही पाहिलं, मान दुखेपर्यंत. पण सहा महिन्यांत मी मनापासून जे पाहिलं ती एका दगडी बाईची अर्धी मूर्ती, आणि ती बाईसुद्धा मी समजत होते ती निघाली नाही. त्या फिरण्याची ही हकीकत. ज्यांना तिकडे सहलीला जायचंय त्यांना हिचा फारसा उपयोग नाही. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना कदाचित होईल.

बेसिंगस्टोक, रविवार

मी अकोल्याची. बत्तीस वर्षं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. दाणे ओल्या कागदावर मांडायचे, कपाटात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचे, हे माझं काम. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी मृणाल बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये. जावई सौरभ त्या वर्षी एडिंबरोच्या प्रोजेक्टवर होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. मला व्हिसा मिळाला सहा महिन्यांचा. २००६ च्या एप्रिलमध्ये गेले, ऑक्टोबरमध्ये परतायचं होतं.

बेसिंगस्टोक म्हणजे काचेच्या ऑफिसांचं गाव. सकाळी साडेसातला मृणाल बाहेर पडली की संध्याकाळी सातपर्यंत घरात मी आणि बॉयलर. बॉयलर मधूनच घुरघुरायचा, आणि खरं सांगते, दुसऱ्या महिन्यापासून मी त्याला उत्तरं द्यायला लागले. शेजारीण भली होती, पण आमचं बोलणं हवेवर सुरू व्हायचं आणि हवेवरच संपायचं. आमच्याकडे नवी शेजारीण पहिल्या भेटीत पगार विचारते, त्याचा मला जन्मभर राग. तिथे वाटायचं, विचार गं बाई, काहीतरी विचार.

वीस मिनिटं चालत गेलं की लायब्ररी होती. माझं इंग्रजी रिपोर्ट लिहिण्यापुरतं, म्हणून मी लहान मुलांच्या विभागात बुटक्या खुर्चीवर बसून गोष्टींची पुस्तकं वाचायचे. तिथेच मला डिमिटर भेटली. ग्रीक लोकांची धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफनी कुरणात फुलं वेचत होती, तेव्हा जमीन दुभंगली आणि पाताळाच्या राजानं तिला रथात घालून नेलं. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस तिला शोधत फिरली, अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. मग म्हातारीचं सोंग घेऊन एल्युसिस नावाच्या गावात विहिरीपाशी जाऊन बसली. पाण्याला आलेल्या मुलींनी विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या? मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलं होतं ते आठवतं. मलाही असं कोणीतरी विचारायला हवं होतं.

पुढे देवीनं संपच केला. मुलगी परत मिळेपर्यंत जमिनीतून एक दाणा उगवू देणार नाही म्हणाली. शेवटी देवांना नमावं लागलं. पण मुलीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. जिथलं खाल्लं तिथली झाली. म्हणून वर्षातले काही महिने ती आईकडे आणि उरलेले तिकडे. कुणी म्हणतं चार महिने तिकडे, कुणी म्हणतं सहा. ती तिकडे असते तेव्हा आईचं कशात लक्ष नसतं आणि शेतं उघडी पडतात.

मी इतक्यांदा तेच पुस्तक मागितलं की लायब्ररीतल्या बाईंनी एक दिवस मला इंटरनेटवरचं एक पान छापून दिलं. त्यात लिहिलं होतं की एल्युसिसची देवी आता केंब्रिजच्या म्युझियममध्ये असते. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथले शेतकरी तिला गळ्यापर्यंत शेणखताच्या ढिगात ठेवायचे आणि तिच्यामुळे आपलं पीक येतं असं मानायचे. शेणखतात देवी! मला हे वाचून इतकं घरच्यासारखं वाटलं की मी मृणालच्या मागेच लागले. तिनं सप्टेंबरअखेरच्या शनिवारी आपण दोघी जाऊ असं कबूल केलं.

त्याच्या आधीच्या रविवारी, डाळ-तांदूळ धुता धुता, ती म्हणाली, "आई, एक सांगायचंय. आम्ही घर घेतलं. शुक्रवारी किल्ली मिळतेय."

"दुसरं भाड्याचं?"

"भाड्याचं कशाला? विकत. इथेच, दहा मिनिटांवर. गार्डन आहे गं, तुला मेथी नीट लावता येईल."

"म्हणजे तुम्ही परत येणार नाही."

तिनं तांदळातलं पाणी ओतून टाकलं. "रिअलिस्टिकली, नाही. निदान सध्या तरी नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सौरभला लीव्ह नाही मिळत. शुक्रवारी आपण दोघीच असू. घरात शिरल्यावर तू माझी ओटी भरशील?"

पाच महिने मी एकच प्रश्न तोंडाशी आणून गिळत होते, परत कधी येणार. त्याचं उत्तर असं न विचारता मिळालं. मी म्हणाले, "मी विधवा बाई. मी कशी भरणार? तुझ्या सासूबाईंना बोलाव."

मृणाल माझ्याकडे बघतच राहिली. तिचे बाबा गेल्यावर नातेवाईक बायका मला हळदीकुंकवातून वगळायला लागल्या तेव्हा त्यांना दारातच सुनावणारी मी. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं यावर तिचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नाही. पण निघालं ते निघालं, आणि परत घेईन तर ती मी कसली.

सोमवारी मी स्वयंपाक केला नाही. देवीनं पीक बंद केलं होतं, मी पोळ्या बंद केल्या. मृणालनं टोस्टवर डब्यातल्या घेवड्याच्या बिया ओतून खाल्ल्या आणि ताट धुऊन ठेवलं. रात्री म्हणाली, "शनिवारचं कॅन्सल करू या का? मला पॅकिंग आहे."

"तू पॅकिंग कर. मी एकटीच जाते. उद्याच."

लेस्टर, मंगळवार

केंब्रिजला जायला लेस्टरहून कशाला, असं कोणीही विचारेल. कारण तिथे शीला होती, आणि मला घराबाहेर दोन रात्री काढायच्या होत्या. शीला आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं माझ्या हाताखाली होती. लग्न होऊन लेस्टरला आली आणि आता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. मृणालनं मुकाट्यानं सगळी तिकिटं काढून दिली, गाड्यांच्या वेळा कागदावर लिहिल्या आणि कुठे बदलायचं तिथे लाल पेननं रेघ मारली. बस स्टेशनवर सोडताना म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." मी मान हलवली.

नवरात्र सुरू होतं. गुजराती वस्तीतल्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मिठाईवाल्याकडे गुजराती बायका आपसात इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की माझ्या कानांना बरं वाटलं. एका दुकानाच्या काउंटरवर घट बसवला होता, मातीत गव्हाचे अंकुर बोटभर आले होते. सवयीनं मी मोजायला लागले. उगवण चांगली होती.

शीलाचं घर बौद्ध. बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर एक ताजं फूल. तिनं वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. वऱ्हाडातून इतक्या लांब येऊन तिच्या भाकरीला पदर सुटला होता. मी तीन खाल्ल्या. मग तिनं विचारलं, मृणाल का नाही आली, आणि मी सगळं सांगितलं. ती माझ्या बाजूनं बोलेल अशी खात्री होती.

"मॅडम, एक बोलू का?" ती म्हणाली. "राग नका मानू."

"बोल."

"लॅबमध्ये सुनंदाबाईंचे मिस्टर वारले, तेव्हा संक्रांतीला त्यांना कोणी वाण दिलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणाल्या होत्या? विधवेचा हात लागला तर बियाणं मरते का, चला आत्ताच टेस्ट लावू. मी नवीनच होते. घरी जाऊन माझ्या आईला सांगितलं, अशा मॅडम आहेत म्हणून."

मी रिकामं ताट बाजूला सारलं.

"आमच्यात ओटी वगैरे नाही. आम्ही ते सगळं सोडलं. तुमचा विश्वास असता तर मी एक शब्द बोलले नसते. पण तुमचा विश्वास नाहीये ना मॅडम. तुम्हाला राग आला होता, आणि मारायला दुसरं काही सापडलं नाही."

मला तिचा भयंकर राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी म्हणाले, मला झोप आली आहे. वरच्या खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि पोचल्याचा फोन करायचा राहिला हे आठवूनही केला नाही. बुधवारी ती कामावर गेली आणि मी दिवसभर त्या खोलीच्या खिडकीतून एकसारख्या विटांच्या घरांची रांग पाहत बसले. मुलीच्या घरी एकटी होते, आता परक्याच्या घरी एकटी, एवढाच फरक.

गुरुवारी पहाटे शीलानं डब्यात भाकरी-चटणी दिली आणि माझ्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड कोंबलं. मी काढून पाहिलं तर नारळ.

"हे कशाला?"

"असू द्या. लागला तर लागला, नाही तर चटणी करा."

केंब्रिज, गुरुवार

लेस्टरहून केंब्रिजची गाडी थेट जाते. पीटरबरो मागे पडलं आणि अचानक सगळं सपाट झालं. डोंगर नाही, टेकडी नाही, आणि जमीन काळी. अगदी काळी. मी काचेला नाक लावून पाहत होते. ही काळी माती आपल्यासारखी नाही, दलदल उपसून काढलेली आहे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त पूर्णेच्या काठचं शिवार दिसलं. पीक निघून गेलेलं होतं आणि नांगरलेल्या तासांवर पांढरे पक्षी उतरत होते. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीची पेरणी याच दिवसांत. त्या ग्रीक बायकाही शरदातल्या पेरणीच्या तोंडावर तीन दिवस देवीचा उत्सव करायच्या, त्यात पुरुषांना मज्जाव, आणि मधल्या दिवशी कडक उपास. एल्युसिसला तर तिच्या नावानं मोठी दीक्षा असायची. आत काय दाखवतात ते कोणी बाहेर सांगायचं नाही, आणि हजार वर्षांहून जास्त काळ खरंच कोणी सांगितलं नाही. एवढंच माहीत आहे की उपास सोडायला जवाच्या पिठात पाणी आणि पुदिना घालून प्यायचे. म्हणजे आपली आंबील, ताकाशिवाय. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. समोरच्या सीटवरचा मुलगा कानात वायरी घालून झोपला होता.

केंब्रिजमध्ये सायकली इतक्या की रस्ता ओलांडताना माझा जीव मुठीत. दोनदा वाट चुकले. म्युझियमच्या दारात पिशवी जमा करायला सांगितली. तिथल्या मुलीनं ती उचलली आणि वजनानं दचकली. "आत काय आहे?" नारळ तिच्यासमोर कागदातून बाहेर काढावा लागला. तिनं तो दोन्ही हातांत धरून हलवला, आतलं पाणी वाजलं तशी हसली आणि खणात नीट ठेवून मला बिल्ला दिला. माझ्याकडे उरली फक्त पर्स.

मूर्ती एकदम समोर आली. मी पुस्तकातली आई शोधत होते, दुःखानं वाकलेली, काळं वस्त्र पांघरलेली. ही ताठ होती. कमरेपासून वरचा भागच उरलेला, माणसापेक्षा पुष्कळ मोठा. छातीवर एकमेकांवरून गेलेले पट्टे. चेहरा झिजून गेलेला, नाक-डोळे नुसते अंदाजाचे. डोक्यावर भलीमोठी गोल टोपली, तिच्यावर कोरलेल्या गव्हाच्या लोंब्या. दगडाच्या, पण कुसळांसकट. मी लोंबी ओळखते.

दालनात मी सोडून कोणी नव्हतं. इतक्या लांब आणून, शेणखतातून उपटून, पॉलिश केलेल्या फरशीवर तिला उभं केलं होतं आणि कोणी तिच्याकडे बघायलाही आलं नव्हतं. मला वाटलं, हिला काहीतरी द्यावं. पर्सच्या चोरकप्प्यात नमुन्याचं एक जुनं पाकीट होतं. निवृत्तीच्या आठवड्यात घेतलेलं, ‘दगडी’ वाणाच्या ज्वारीचं, त्यात पंचवीसेक दाणे असतील. यजमान असताना मी देवाला कधी दिवा लावला नाही. तरी मी पाच दाणे काढले आणि मूर्तीखालच्या कठड्यावर ठेवले. मनात काही मागितलं का? मागितलं. माझी परत दे, असं म्हणाले.

"मॅडम, माफ करा."

मागे एक गृहस्थ उभे होते, साठीचे, गणवेशाचा टाय नीट बांधलेला. तिथले राखणदार. आवाज अगदी हळू. म्हणाले, "मला कळतं तुम्ही हे का केलंत. पण धान्य आत ठेवता येत नाही. किडे होतात."

मी शरमेनं काळीठिक्कर पडले. कोपऱ्यात भिंतीलगत किडे पकडायचे चिकट कागदाचे सापळे ठेवलेले मी येतानाच पाहिले होते. आमच्या गोदामात असायचे. बत्तीस वर्षं मी लोकांना ओरडले, धुरी न दिलेलं धान्य आत आणू नका, आणि मीच ते म्युझियममध्ये पेरत होते. मी दाणे वेचायला लागले. चार सापडले. पाचवा घरंगळून कुठेतरी गेला होता. ते गृहस्थसुद्धा गुडघ्यावर बसले, मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघांनी शोधला. नाही मिळाला.

"मी बियाणं तपासते. तपासायचे," मी म्हणाले. माझं इंग्रजी घाबरल्यावर आणखी मोडतं. "मला हे कळायला हवं होतं."

"एक दाणा तिला राहू दे," ते म्हणाले. "एके काळी तिच्याभोवती गाडीभर खत असायचं." मग त्यांनी सगळं सांगितलं, बहुतेक त्यांनाही दिवसभरात कोणी बोलायला मिळालं नसावं. दोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज विद्वान तुर्की अधिकाऱ्याची परवानगी घेऊन मूर्ती न्यायला आला. आदल्या संध्याकाळी गावातला एक बैल सुटला आणि धावत येऊन मूर्तीला ढुशा देत सुटला. लोक हात लावेनात. शेवटी गावच्या पाद्र्यानं पहिली कुदळ मारली तेव्हा कुठे बाकीचे पुढे झाले. जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याशी येऊन फुटलं, पण मूर्ती वाचली.

"आणि गावचं पीक?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी छान आलं. म्हणून लोकांना वाटलं, देवी लवकरच परत येणार. दुसऱ्या वर्षी तितकं आलं नाही. मग त्यांना भीती वाटायला लागली की ती आपल्याला सोडून गेली."

मृणाल इंग्लंडला गेली त्या पहिल्या वर्षी तिचा रोज फोन यायचा. मी तिची खोली झाडून-पुसून ठेवायचे, कपाटातले तिचे ड्रेस उन्हात घालायचे. दुसऱ्या वर्षी फोन रविवारी यायला लागला. मी मूर्तीकडे बघून म्हणाले, "बिचारी आई."

ते जरा घुटमळले. "आई नाही ती. तसं लोक समजत होते खरं. पण अभ्यासकांचं म्हणणं आहे की ही डिमिटर नव्हेच. देवळाच्या आतल्या दाराशी दोन खांब होते, मुलींच्या आकाराचे. देवीच्या पूजेचं सामान टोपलीत घालून डोक्यावर नेणाऱ्या मुली. ही त्यांतली एक."

"म्हणजे देवी कुठे आहे?"

"ते मला माहीत नाही. दुसरी मुलगी मात्र तिथेच आहे, एल्युसिसला."

आधी मला चीडच आली. एवढा प्रवास करून, मुलीशी भांडून मी आईला भेटायला आले होते, मला माझ्या बाजूचं कोणीतरी हवं होतं. तिथे होती एक पोरगी. मी पुन्हा वर पाहिलं. आता ती मोठी दिसेना. कोणाच्या तरी दाराशी उभी राहिलेली एक मुलगी, घरापासून लांब, डोक्यावर भरलेली टोपली, आणि मान जराही वाकवायची नाही कारण वाकली तर सगळं सांडेल. शेकडो वर्षं लोक तिच्याकडे पीक मागत होते. मीसुद्धा आत्ताच तिच्याकडे मागितलं होतं. तिच्या डोक्यावर किती ओझं आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मृणाल साडेसातला निघते, सातला येते, मग माझ्यासाठी हसते. सौरभ नसतो. घराचे कागद तिनं एकटीनं केले, मला कळू न देता, कारण मला कळलं तर काय होईल हे तिला माहीत होतं. आणि तिनं मागितलं काय, तर मूठभर तांदूळ.

मला रडू आलं. लपवता आलं नाही. ते गृहस्थ दुसऱ्या दालनात निघून गेले, आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले की बाहेर पाऊस थांबलाय.

बेसिंगस्टोक, गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार

गाडी बेसिंगस्टोकला लागली तेव्हा मृणाल प्लॅटफॉर्मवर होती. तिनं मला पाहायच्या आधी मी तिला पाहिलं. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात सामानाच्या दोन पिशव्या, माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि ती ताठ उभी राहून एकेक डबा पाहत होती. तीन दिवस मी फोन केला नव्हता. शीलानं केला असणार.

"जेवलीस?" तिनं विचारलं.

"ती बॅग इकडे दे."

"जड आहे आई, राहू दे."

"दे म्हणते ना." मी ओढूनच घेतली. खरंच जड होती. चालता चालता मी म्हणाले, "उद्या किल्ली किती वाजता?"

"दुपारपर्यंत." मग जरा थांबून, "सासूबाईंना मी काही बोलले नाहीये."

"नकोच बोलू. नारळ आहे माझ्याकडे."

मोकळ्या हातानं तिनं माझा कोपर धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

शुक्रवारी त्या रिकाम्या घरात आम्ही दोघी शिरलो तेव्हा आत जुन्या गालिच्याचा आणि रंगाचा वास होता. खुर्ची नाही, पडदा नाही, आवाज घुमत होता. मृणाल जीन्समध्ये. पदर कुठून आणणार? तिनं गळ्यातला लोकरी स्कार्फ सोडून दोन्ही हातांवर पसरला. मी वाटीतलं कुंकू घेतलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोटानं दुसऱ्याच्या कपाळाला लावलं. थोडं तिच्या भुवईवर सांडलं. मग नारळ, आणि तांदळाच्या पाच ओंजळी, आणि पाकिटातली सगळी ज्वारी, म्युझियमातून परत आणलेले चार दाणे धरून.

तिनं वाटीत बोट बुडवलं आणि हात माझ्याकडे आणून मध्येच थांबवला. मी डोकं पुढे केलं.

मग ती स्कार्फ सांभाळत म्हणाली, "थांब, ह्यातले परत द्यायचे असतात ना? आजी म्हणायची. देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून." आणि एक चिमूट माझ्या हातावर ठेवली. "रुमालात बांध. आणि आई, पुढच्या एप्रिलला ये. सहा महिने मिळतात, सहा महिने राहा. तुझंच घर आहे."

सहा महिने. मला हसू आलं आणि ती का विचारायला लागली, तेव्हा त्या उघड्या फरशीवर बसून मी तिला डिमिटरची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यात तिकडची कोण आणि इकडची कोण, हे माझं मलाच नीट सांगता येईना.

अकोला

परत येऊन महिना झाला. घर रिकामं आहे ते आहेच, एका चिमटीनं काय भरणार? इथे बॉयलर नाही, त्यामुळे मी रेडिओला उत्तरं देते. मृणालची खोली आता रोज झाडत नाही, आठवड्यातून एकदा झाडते.

रुमाल सोडला तेव्हा तांदळात ज्वारीचे चार दाणे निघाले. तेच चार की दुसरे, सांगता येत नाही. मी बशीत ओला कागद पसरला आणि तांदळासकट सगळे मांडले. तांदूळ पॉलिशचा, तो कशाला उगवतोय, हे मला माहीत होतं. तरी वगळावासा वाटला नाही. दहाव्या दिवशी मोजले. ज्वारीचे तीन उगवले होते, कोंब सरळ आणि मुळं पांढरीशुभ्र. रविवारी फोनवर मृणालला सांगितलं.

"आणि चौथा?" तिनं विचारलं.

चौथा मी चिमट्यानं दाबून पाहिला होता. मेलेला दाणा दाबला की त्याचं पीठ होतं. हा टणक होता. आमच्या रजिस्टरमध्ये अशा दाण्यांसाठी वेगळा रकाना असतो, जिवंत आहे पण अजून उगवलेला नाही. मृणालला मी एवढंच म्हणाले की त्याचं अजून ठरलेलं नाही. फोन ठेवला, कागद पुन्हा ओला केला आणि बशी खिडकीत उजेडाला ठेवली.